पद्मिनी रॅलीला नेताना चाकांची तयारी

नाशिकहून पेठ, जव्हार किंवा सापुताऱ्याच्या रस्त्याला हौशी टीएसडी रॅलीत (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेली सरासरी राखून ठरल्या वेळी पोचायचं) जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, उतरवणार असाल तर कार्बोरेटरचं कौतुक नंतर, आधी चाकं. बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं कराच: स्टेपनीचे मूळचे आखूड बोल्ट एका पिशवीत घाला आणि ती पिशवी स्टेपनीलाच तारेने बांधा. डिकीत सुटी ठेवू नका. मागच्या खेपेला माझे बोल्ट गॅरेजच्या फळीवर राहिले होते.

अलॉय चाकं घ्यायच्या आधी माप. फियाटचं घराण्याचं माप 4 बोल्ट, आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास 98 मिमी. नाशकात द्वारकेपासून मुंबई नाक्यापर्यंत कुठल्याही दुकानात गेलात तरी समोर येतात ती 100 मिमीची, कारण हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना तीच लागतात. दुकानदार म्हणेल, ‘दोनच मिमीचा फरक आहे, बसतं साहेब.’ बसतं खरं, पण बोल्ट तिरका बसतो, चाक मध्यावर राहत नाही आणि साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. जुन्या पॅलिओची किंवा उनोची 98 ची चाकं मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर हलत्या कॉलरचे बोल्ट घ्या, ते त्यासाठीच असतात. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मोठं असेल तर अंबड किंवा सातपूरला लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग टर्न करून घ्या. हबचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या, अंदाजे सांगू नका. स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती? नको. हबचं बेअरिंग आधीच म्हातारं आहे.

आता बोल्ट. पद्मिनीला स्टड-नट नाहीत, बोल्ट थेट हबच्या आट्यात जातो. अलॉयचा पत्रा जाड म्हणून बोल्ट लांब लागतो. साधारण बोल्टच्या जाडीएवढे आटे तरी धरायला हवेत. 12 मिमीचा, 1.25 पिचचा बोल्ट म्हणजे हाताने दहा वेढे. मोजा. आणि बोल्टचं डोकं चाकातल्या खाचेशी जुळतंय ना, शंकूला शंकू आणि गोलाला गोल, तेही बघा.

हाच लांब बोल्ट लोखंडी स्टेपनीला लावला की घोळ होतो. स्टेपनीचा पत्रा पातळ, त्यामुळे बोल्टचं टोक हबच्या पलीकडे, ड्रमच्या आत, ब्रेक शूच्या मुलखात निघतं. बोल्ट व्यवस्थित कसला जातो, जॅक खाली येतो, आणि चाक जागचं हलत नाही. किंवा त्याहून वाईट, खरखरत हलतं. पेठ रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने मला बोल्टखाली वॉशर घालायचा सल्ला दिला होता. घालू नका, शंकू वॉशरवर टेकला की बोल्ट सैल होणारच. म्हणून पुन्हा सांगतो, आखूड बोल्ट, चार, स्टेपनीला बांधून. शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणाऱ्या नेव्हिगेटरलाही सांगून ठेवा.

टायर. मूळ माप 5.20-14. त्याला 155/80 आर14 जवळचा, व्यास साधारण 604 मिमी. दुकानदार 13 इंची अलॉयवर 175/70 देऊ पाहील, दिसायला झकास. त्याचा व्यास 575. म्हणजे पोट दीड सेंटिमीटरने खाली आणि मीटर पाच टक्के जास्त दाखवणार. सरासरी ताशी 36 ठरली असेल तर मीटरवरच्या 40 किलोमीटरमागे दोन किलोमीटर कमी, म्हणजे जवळपास 200 सेकंदांचा घोळ, आणि टीएसडीत एकेका सेकंदाचा दंड असतो. 14 इंचच ठेवा. स्टेपनीचा व्यासही तोच ठेवा, नाहीतर ती लावल्यावर सगळा हिशोब नव्याने. काहीही लावलंत तरी त्र्यंबक रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघा, निदान दहा किलोमीटर. एका दगडावर विसंबू नका, रस्ता रुंद करताना दगड सरकतात.

चाक बसलं की स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, मग मागे दोन जाडजूड मित्र बसवून पुन्हा फिरवा. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या दबल्या की टायर मडगार्डला घासतो का ते तेव्हाच कळतं. रिकाम्या गाडीत कळत नाही. टायर मडगार्डच्या बाहेर दिसला तर रॅलीच्या तपासणीच्या वेळी वाद, आणि रस्त्यावर आरटीओवाल्याशीही.

बॅलन्सिंग, हवा, अलाइनमेंट: माहीत आहेच.

आदल्या दिवशी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, पन्नासेक किलोमीटर होईल असा वळसा घालून. परत आलात की गाडी गार होऊ द्या आणि बोल्ट पुन्हा कसा, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), एकाआड एक. पायाने पान्यावर उभं राहून नव्हे. मग स्टेपनी एकदा खरंच लावून बघा, आखूड बोल्टने, चाक हाताने फिरवून. दहा मिनिटांचं काम. काढल्यावर पिशवी परत बांधा, हातात धरून शेजाऱ्याशी गप्पा मारत बसू नका.

बाकी जॅक, पाना, हातमोजे, टॉर्च, पाणी. पावसाळ्यात जॅकखाली ठेवायला फळी, काळ्या मातीत जॅक गाडीऐवजी जमिनीत जातो.