ब्लोअर बदलण्याआधी टाकी बघा: एअरेशनमधल्या या चुका टाळा

मे लागला की फोन सुरू होतात. "साहेब, एसटीपीचा वास येऊन राहिला, मोठा ब्लोअर सांगा." एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. त्याच्या टाकीत जिवाणू घाण खातात, त्यांच्यासाठी ब्लोअर पाण्यात हवा सोडतो; हेच एअरेशन. बहुतेक वेळा ब्लोअर धडधाकट असतो, घोळ टाकीत असतो.

नागपूरच्या बेसा भागातल्या एका सोसायटीत दोन ब्लोअर चोवीस तास चालू होते, तरी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजणारा मीटर लिटरमागे 0.6 मिलिग्रॅमच्या वर जाईना. तो 2 च्या आसपास हवा. ऑपरेटर म्हणाला, "हवा तं फुल आहे साहेब, बघा कसं उकळून राहिलं!" उकळत होतं, पण एकाच भिंतीलगत. पाइप कमी लागावा म्हणून सगळे डिफ्यूझर, म्हणजे तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारी तोंडं, तिथेच बसवले होते. असं केलं की तिथलं पाणीच वर धावतं आणि बुडबुड्यांना सोबत ओढून नेतं. एरवी बारीक बुडबुड्याला साडेचार मीटर चढायला पंधरा-सोळा सेकंद लागतात, आणि ऑक्सिजन पाण्यात उतरतो तो तेवढ्याच वेळात. इथे तोही मिळत नव्हता. समोरच्या कोपऱ्यात बांबू घातला, तर दीड फूट गाळ. बांबू काळा होऊन वर आला, सडक्या अंड्यासारखा वास मारत. टाकी रिकामी करून तेच डिफ्यूझर तळभर सारख्या अंतरावर बसवले. दोन आठवड्यांत डीओ दीडच्या वर गेला आणि दुसरा ब्लोअर स्टँडबायला लागला.

डिफ्यूझर बसवले की सगळे एका पातळीत आहेत का ते बघायला मी लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावतो. मग त्यांच्यावर फक्त वीतभर पाणी घेऊन ब्लोअर हळू चालवतो आणि काठावर बसून बघतो. एखादा डिफ्यूझर जरा उंच राहिला तर हवा त्यातूनच पळते, बाकीचे उपाशी. ठेकेदाराला इथेच घाई सुटते, "भरल्यावर समजेल" म्हणतो. भरल्यावर नुसता फेस दिसतो. या एका तासाच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दुसरी चूक उथळ टाकीची. स्वच्छ पाण्यात बारीक बुडबुड्यांचा ऑक्सिजन दर मीटर खोलीमागे साधारण 6 टक्के उतरतो. साबण-तेलाच्या सांडपाण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. म्हणजे डिफ्यूझरवर साडेचारऐवजी तीनच मीटर पाणी राहिलं तर हवा दीडपट लागणार. खोदाई वाचवणारे हा हिशेब करत नाहीत. कधी टाकी खोल असते, पण आउटलेटचा पाइप खाली बसवलेला, वरचा मीटर रिकामाच. उलट आउटलेट वर उचलायचा असेल तर आधी ब्लोअरचा दाब तपासा, कारण दर मीटरला 0.1 बार वाढतो.

इनलेटशेजारी आउटलेट देऊ नका. दिलाच असेल तर मधे आडभिंत घाला.

20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात उन्हाळ्यात जिवाणूंची भूकही वाढते. नागपुरात हिशेब मे महिन्याचाच करा, जानेवारीतल्या चाचणीवर प्लांट ताब्यात घेऊ नका.

आणि डीओ मीटर बुडबुड्यांत बुडवून आकडा लिहू नका. सकाळी आंघोळींचं पाणी टाकीत येत असताना, सगळ्यात शांत कोपऱ्यात, मीटरभर खाली धरा.