खड्ड्यात गाडी खटखटते? शॉकअप बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. तक्रार बहुतेकांची एकच: "खड्ड्यात गेली की पुढून खटखट वाजतं." उत्तरही ठरलेलं: "शॉकअप गेलेत." मी ते मुकाट्याने ऐकलं आणि माझ्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. बिल भरून निघालो तर पहिल्याच पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर तोच आवाज, त्याच सुरात. शेवटी दोष निघाला लिंक रॉडचा, म्हणजे चाकाजवळच्या एका छोट्या जोडदांडीचा. शॉकअपच्या बिलापुढे तिची किंमत म्हणजे चिल्लर.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरायचं. तो दमला की गाडी वाजण्याआधी डोलायला लागते. गतिरोधक ओलांडल्यावर एकदा वर-खाली होऊन स्थिर व्हायच्या ऐवजी ती दोन-तीन हेलकावे खाते. बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा चांगली, पण त्यात पास झालेला शॉकअप धडधाकट असेलच असं नाही. शॉकअपवर तेलाचा नुसता पुसट ओलावा आणि धूळ दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही. तेल ओघळत खालपर्यंत आलं असेल, तर मात्र त्याचे दिवस भरले.

गॅरेज गाठण्याआधी डिकी रिकामी करा. हसू नका. सैल झालेला जॅक, पाना, स्टेपनीचा ढिला नट, मागच्या सीटवर आपटणारं बेल्टचं बक्कल, यांनी भल्याभल्यांना चकवलंय. सगळं काढून त्याच रस्त्यावर एक फेरी मारा.

आवाज तरीही राहिला, तर तो केव्हा येतो ते पाहा. "पुढून येतो" एवढ्यावर मिस्त्री काय करणार? रिकामा रस्ता बघून एखादा गतिरोधक सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील असा हळू ओलांडा. मग एकच चाक खड्ड्यात जाईल अशी गाडी न्या. (गतिरोधक बरा निवडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा असतो; आपल्या गल्लीतला बहुधा कुणीतरी रात्रीत टाकलेला डांबराचा बांध असतो.) डावं-उजवं चाक वेगवेगळं हललं की अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंना जोडणारी, गाडीचं कलणं आवरणारी आडवी दांडी) पिळला जातो आणि त्याला जोडलेल्या लिंक रॉडवर ताण येतो. म्हणून एका चाकाच्या खड्ड्यात टकटक आणि सरळ गतिरोधकावर जवळजवळ शांतता असेल, तर संशय आधी लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशांवर (सांध्यातल्या रबरी तुकड्यांवर) घ्यायचा.

खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ब्रेकवर हलका पाय ठेवून बघा. खडखड तिथेच थांबली तर सस्पेन्शन सोडा, ब्रेक पॅड आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना तपासा. ब्रेक मारताना किंवा वेग घेताना एकदाच धप्प होत असेल, तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश नाहीतर इंजिनचं माउंटिंग. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग कडकन सुटल्यासारखी वाजली, तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीचं) वरचं बेअरिंग.

लिंक रॉड तपासताना गॅरेजमध्येही हमखास एक चूक होते. एक बाजू जॅकवर उचलतात, रॉड हलवून बघतात आणि म्हणतात, "घट्ट आहे." असणारच! एक चाक लोंबलं की बार पिळला जातो आणि रॉड ताणात बसते, झिजलेल्या सांध्यातला खेळ (ढिलेपणा) हाताला लागत नाही. चारही चाकं टेकलेली असताना, पिटमध्ये उतरून रॉड हाताने हलवायला सांगा. माझ्या गाडीत तशी हलवल्यावर टक् असं बोटांनाच जाणवलं.

बुश चूं चूं करतोय म्हणून त्यावर इंजिन ऑइल किंवा ग्रीस मारू नका. दोन दिवस शांतता मिळते, मग रबर फुगून मऊ पडतं. पाण्याची धार मारून बघा, आवाज थोडा वेळ गेला तर चोर सापडला. नवा लोअर आर्म बसवताना बुशचे बोल्ट चाक लोंबत असताना शेवटचे आवळले, तरी घोटाळा होतो. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटचा पाना गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच.

शॉकअप खरंच गेले असतील तर एका ॲक्सलचे दोन्ही बदला, आणि पुढचे स्ट्रट किंवा लोअर आर्म उघडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. फक्त लिंक रॉड बदलली असेल तर अलाइनमेंटची गरज नसते, कुणी बिलात लावलंच तर विचारा.

बॉल जॉइंटला (चाकाला लोअर आर्मशी जोडणाऱ्या गोल सांध्याला) खेळ आढळला तर मात्र "पुढच्या सर्व्हिसला बघू" नको. तो निसटला तर चाक आडवं होऊन गाडी तिथेच बसते. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.