सुरुवात ‘पाहिजे’पासून

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. तहान लागली की माझं मनगट धरून माठापाशी ओढत न्यायचा, आणि मी मात्र सगळ्यांना सांगायचे, "हा काहीच सांगत नाही." ज्यांच्या घरी आज हीच अवस्था आहे, त्यांच्यासाठी आमच्याकडे जे उपयोगी पडलं ते लिहिते.

पहिलं काम म्हणजे कानांची तपासणी. बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे बघणारी चाचणी, झोपलेल्या मुलाचीही करता येते. "मुलगे उशिराच बोलतात" असं आम्हाला एका डॉक्टरांनी सांगितलं आणि आमचं एक वर्ष गेलं. तुम्ही थांबू नका. स्पीच थेरपिस्टची वेळ लगेच घ्या आणि तोवर घरी सुरुवात करा.

चार दिवस एका वहीत लिहून काढा, मूल काय करतं आणि त्याला काय हवं असतं. ताट ढकललं, कान झाकले, दाराला डोकं टेकवलं. माझ्या वहीत अशा अकरा गोष्टी निघाल्या. त्यातली प्रत्येक गोष्ट सांगण्यासाठीच होती.

मग मागण्यासाठी निमित्त तयार करा. मी शेंगदाण्याचे लाडू काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून खालच्या फळीवर ठेवले. तो बरणी आणून माझ्या हातात द्यायचा. मी ती धरून त्याच्याकडे बघायचे आणि मनात दहापर्यंत मोजायचे. हे दहा आकडे फार जड जातात, आपणच बोलून टाकतो. दहा झाले की मी एकदाच म्हणायचे, "लाडू पाहिजे," आणि लगेच लाडू द्यायचे, तो काही बोलला नाही तरी. हा खेळ फक्त खाऊ-खेळण्यांपुरता ठेवा. भुकेचं जेवण आणि पाणी कधीही अडवून धरू नका. ‘माझ्याकडे बघ’ असा आग्रहही नको; कान इकडे असले तरी पुरे.

‘पाहिजे’च का, ते सांगते. आपल्याकडे लाडू हवा, पोळी हवी, पाणी हवं. दर वेळी शब्द बदलतो. एक वस्तू मागताना ‘पाहिजे’ तसं बदलत नाही. शिवाय आई म्हणते "मी जाते", मुलगा तसंच उचलतो आणि लोक हसतात. "मला पाहिजे" आईनं म्हटलं काय, मुलानं म्हटलं काय, सारखंच. ‘जातो’, ‘येतो’ हे त्याच्या बाबांनी किंवा आजोबांनी बोलून दाखवावं.

कित्येक मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. माझा मुलगा पाणी मागताना म्हणायचा, "तुला पाणी पाहिजे?" कारण पाणी मिळायच्या आधी त्यानं रोज तेच ऐकलं होतं. रागावू नका, ‘असं नाही म्हणायचं’ असंही नको. पाणी द्या आणि त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य म्हणा: "मला पाणी पाहिजे." तेव्हापासून मी प्रश्न विचारणंच कमी केलं. तुम्हीही करून बघा.

बोल फुटत नसतील तर चित्रं वापरा. पेक्स नावाची पद्धत १९८५मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केली. मूल चित्र दुसऱ्याच्या हातात देतं आणि वस्तू घेतं. सुरुवातीला दोघं लागतात: समोर मी लाडू घेऊन, मागे सासूबाई गप्प बसून त्याचा हात धरून कार्ड माझ्या तळहातावर ठेवायला लावणाऱ्या. मागच्या माणसानं एक शब्दही बोलायचा नाही. कार्डावर आपल्याच घरातल्या वस्तूंचे फोटो घ्या, आपला माठ, आपली बरणी. लॅमिनेशन करून वेलक्रो लावा. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं ‘जेलो’ हे मोबाईलचं अ‍ॅप आयआयटी मुंबईत तयार झालंय, मराठीतही आहे आणि मोफत आहे.

"चित्रांची सवय लागली की बोलणार नाही" हे तुम्हाला नातेवाईक सांगतीलच. तसं होत नाही, कित्येकदा उलट बोलण्याला मदतच होते. तसंच कुणी घरी फक्त इंग्रजी बोला म्हटलं तर ऐकू नका. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, त्याच भाषेत बोला.

खाऊच्या कार्डांनंतर लगेच तीन कार्डं करा: ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’. ‘नको’चं कार्ड हातात आलं की ते मानलंच पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा ते कुकरच्या शिट्टीसाठी आलं. मी गॅस बंद केला, तो भात पातेल्यात शिजवला. त्या दिवशी तो कान झाकून कोपऱ्यात गेला नाही, ओट्याजवळच उभा राहिला.

कार्डं हरवतात. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढा आणि एक जुडगा कडीत ओवून शाळेच्या दप्तराला बांधून ठेवा.