मुक्कामाआधी फेरीबोट ठरवा

नाशिकहून तीन-चार गाड्या काढून कोकण किनाऱ्याने निघताय? मग हॉटेलांआधी फेरीबोटी बघा. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे गाडीसकट खाडी ओलांडता येते, लांबचा वळसा वाचतो. सुट्टीत सगळ्या गाड्या एकाच फेरीत मावतीलच असं नाही. त्यामुळे पुढे गेलेल्यांनी पलीकडच्या धक्क्यावरच थांबायचं, हे कसारा घाट उतरण्याआधीच पक्कं करा. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. ती चुकली की अंधारात मोठा फेरा पडतो.

आणि कृपा करून गाडी पुळणीवर उतरवू नका. चाकं रुततात, भरती थांबत नाही. वेळास, आंजर्ल्याला तर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.