इंग्रजीत ‘अमुक म्हणून काम करणे’ कसं लिहावं

नोकरीचा अर्ज, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, स्मरणिकेतला पाहुण्यांचा परिचय. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच गोष्ट सांगायची असते: कोण कोणत्या पदावर आहे, होता किंवा होऊ पाहतो. मराठीत त्याला ‘म्हणून’ पुरतं. शिक्षक म्हणून काम केलं, सचिव म्हणून नेमलं, तज्ज्ञ म्हणून ओळखलं, भाऊ म्हणून हाक मारली. मग इंग्रजी लिहिताना आपण प्रत्येक ‘म्हणून’च्या जागी ‘ॲज’ बसवतो. बरीच वाक्यं त्यात निभावून जातात. जी निभावत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली सवय अशी लावा की पदाचं नाव सुचलं तरी लगेच कागदावर उतरवायचं नाही, आधी क्रियापद पक्कं करायचं. ‘ॲज’ हवं की नको हे क्रियापदावर ठरतं. ‘टु’ लावून क्रियापदाचं मूळ रूप लिहा, म्हणजे शाळेत ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणायचे ते, आणि मग बघा ते कोणत्या गटातलं आहे.

‘ॲज’ कुठे हवं, कुठे नको

‘टु वर्क’, ‘टु सर्व्ह’, ‘टु ॲक्ट’ या क्रियापदांना पद जोडायचं तर ‘ॲज’ लागतंच. ‘टु वर्क ॲज अ नर्स’, ‘टु सर्व्ह ॲज ट्रेझरर’. यांतलं ‘टु ॲक्ट ॲज’ जरा जपून वापरा. त्यात तात्पुरतेपणाची किंवा बदलीवर काम केल्याची छटा असते. नेहमीचे अध्यक्ष गावाला गेले आणि त्या दिवशीच्या सभेपुरतं दुसऱ्या कुणी काम पाहिलं, तर तिथे ते चपखल बसतं. दहा वर्षं रीतसर सचिव असलेल्या माणसाबद्दल ‘ॲक्टेड ॲज सेक्रेटरी’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला ते प्रभारीच होते असं वाटेल. तिथे ‘सर्व्ह्ड’ लिहा.

याच्या उलट ‘टु बी’, ‘टु बिकम’ आणि ‘टु रिमेन’. यांच्यामागे पद थेट येतं. ‘आय वॉन्ट टु बिकम ॲज अ पायलट’ हे चूक, ‘आय वॉन्ट टु बिकम अ पायलट’ बरोबर. माणूस आणि पद इथे एकच झालेले असतात, मध्ये जोडायला काही लागत नाही.

तिसरा गट नेमणुकीचा. ‘टु अपॉइंट’ आणि ‘टु इलेक्ट’ यांना दोन्ही चालतं: ‘टु अपॉइंट हर सेक्रेटरी’ किंवा ‘टु अपॉइंट हर ॲज सेक्रेटरी’. पण ‘टु मेक’ला ‘ॲज’ खपत नाही. ‘दे डिसायडेड टु मेक हर सेक्रेटरी’, एवढंच.

आणि ‘टु कॉल’! आपल्याकडच्या इंग्रजीत सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक बहुधा हीच. ‘एव्हरीवन कॉल्स हिम ॲज भाऊ.’ सगळे त्यांना ‘भाऊ म्हणून’ हाक मारतात, त्यातलं ‘म्हणून’ सरळ उचलून आणलेलं. इंग्रजीत नुसतं ‘कॉल्स हिम भाऊ’. ‘टु रिगार्ड’चं नेमकं उलट आहे, तिथे ‘ॲज’ गाळता येत नाही: ‘टु रिगार्ड हर ॲज ॲन एक्सपर्ट’. ‘टु कन्सिडर’ला मात्र ‘कन्सिडर हर ॲन एक्सपर्ट’ किंवा ‘कन्सिडर हर टु बी ॲन एक्सपर्ट’ हीच सुरक्षित वाट. त्याच्यापुढे ‘ॲज’ लावलेलं कानावर पडतं, पण परीक्षेच्या पेपरात ते टाळलेलं बरं.

‘म्हणून’ आणि ‘ॲज’ यांच्यात एक गमतीचं साम्यही आहे. ‘आजारी म्हणून आला नाही’ यात ‘म्हणून’ कारण सांगतं, आणि ‘ॲज ही वॉज इल’ यात ‘ॲज’ही तेच काम करतं. दोन्ही भाषांत पद आणि कारण एकाच शब्दाच्या घरात राहतात. त्यामुळेच कदाचित आपला ‘ॲज’वर इतका विश्वास बसला असावा.

‘अ’ लावायचं की नाही

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ‘आय वॉन्ट टु वर्क ॲज टीचर’ हे वाक्य लिहिताना आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला खटकतं. ते पद एकाच वेळी अनेकांकडे असू शकतं का, हे स्वतःला विचारा. शिक्षक, कारकून, परिचारिका, अभियंता अनेक असतात, तिथे ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवं: ‘टु वर्क ॲज अ टीचर’, ‘टु वर्क ॲज ॲन इंजिनिअर’. त्या संस्थेत किंवा देशात ते पद एकाच व्यक्तीकडे असेल तर आर्टिकल सहसा गळतं: ‘टु बी इलेक्टेड प्रेसिडेंट’, ‘टु सर्व्ह ॲज प्रिन्सिपल’. अशा ठिकाणी ‘अ’ लावलं तर अर्थ हलतो. ‘अपॉइंटेड ॲज अ प्रिन्सिपल’ म्हटलं की आणखीही चार प्रिन्सिपल असावेत असं वाटतं. ‘द’ लावलं तर चूक नाही, पण पदनिवडीच्या वाक्यात ते गाळण्याचीच रीत आहे.

आता वचन. हा खड्डा खास मराठी माणसासाठी खणलेला आहे. ‘शिक्षक’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच. ‘त्या दोघांना शिक्षक म्हणून काम करायचं आहे’ यात शिक्षक एक की दोन, हे शब्दाकडे बघून कळत नाही, आणि मराठीत कळायची गरजही नसते. इंग्रजीत मात्र माणसं दोन तर पदंही दोन: ‘दे वॉन्ट टु वर्क ॲज टीचर्स’. अध्यापक, लेखक, सैनिक, कामगार, सगळ्यांचं असंच. कर्ता अनेकवचनी दिसला की वाक्याच्या शेवटाला जाऊन ‘स’ लागलाय का ते तपासून या.

‘पहिली महिला’ प्रकारची वाक्यं

परिचयलेखात ही वाक्यं हमखास येतात, आणि इन्फिनिटिव्हचा खरा उपयोगही इथेच कळतो. तीन उदाहरणं घेऊ. चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय: ‘द फर्स्ट इंडियन टु बी अपॉइंटेड गव्हर्नर ऑफ द रिझर्व्ह बँक’. गणेश वासुदेव मावळंकर 1952 पासून लोकसभेचे पहिले सभापती: ‘द फर्स्ट पर्सन टु सर्व्ह ॲज स्पीकर ऑफ द लोकसभा’. प्रतिभा पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या: ‘द फर्स्ट वुमन टु बिकम प्रेसिडेंट ऑफ इंडिया’.

साचा तिन्हीकडे एकच, क्रियापदं मात्र तीन गटांतली. म्हणून मावळंकरांच्या वाक्यात ‘ॲज’ आलं, पाटलांच्या वाक्यात आलं नाही, आणि देशमुखांच्या वाक्यात हवं तर घालता आलं असतं.

मराठीत आपण ‘राष्ट्रपती झालेल्या पहिल्या महिला’ म्हणतो, म्हणजे काय झालं ते आधी आणि व्यक्ती नंतर. इंग्रजीत आधी व्यक्ती, मग ‘टु’. हे ‘टु’ पाहून काहींना ते भविष्यातलं किंवा ‘साठी’ अर्थाचं वाटतं आणि ते ‘हू बिकेम’ लिहितात. ते चूक नाही, पण वाक्य लांबतं. ‘फर्स्ट’, ‘लास्ट’, ‘ओन्ली’, ‘यंगेस्ट’ यांच्यानंतर इन्फिनिटिव्ह घडून गेलेली गोष्टही आरामात सांगतो.

देशमुखांच्या वाक्यातल्या ‘टु बी अपॉइंटेड’कडे पुन्हा बघा. गव्हर्नर स्वतःला नेमत नाही, त्याला कुणीतरी नेमतं, म्हणून ‘बी’ आणि पुढे तिसरं रूप. अर्जात ‘आय विश टु अपॉइंट ॲज क्लर्क’ लिहिलं, तर अर्जदारच कुणाला तरी नेमायला निघालाय असं होतं. ‘आय विश टु बी अपॉइंटेड ॲज अ क्लर्क’ असं हवं.

‘ॲज’ आणि ‘लाइक’

इथे आपली मराठी चक्क मदतीला येते. मनात ‘म्हणून’ आलं तर ‘ॲज’, ‘सारखं’ आलं तर ‘लाइक’. ‘गाढवासारखं राबणे’ म्हणजे ‘टु वर्क लाइक अ डाँकी’. इथे ‘ॲज’ घातलंत तर नेमणूकच गाढवाच्या पदावर झाली.

पदच क्रियापद होतं तेव्हा

लिहिणारे फारसा करत नाहीत, पण करायला हवा असा एक बदल म्हणजे ‘ॲज’सकट पद उडवून पदाचंच क्रियापद करणं. ‘टु ॲक्ट ॲज चेअरमन ऑफ द मीटिंग’ऐवजी ‘टु चेअर द मीटिंग’. ‘टु कोच’, ‘टु अंपायर’, ‘टु होस्ट’ ही त्याच घरातली. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी अजित वाडेकरांकडे कर्णधारपद आलं, ते ‘वाडेकर वॉज चोझन टु कॅप्टन इंडिया’ इतक्यात सांगून होतं. सगळ्याच पदांना ही सोय नाही. ‘टु सेक्रेटरी’ असं काही नसतं, आणि ‘टु डॉक्टर’चा तर भलताच अर्थ होतो, म्हणजे कागदपत्रांत फेरफार करणे.

सगळेच ‘टु’ सारखे नसतात

बढतीच्या वाक्यात फार सांभाळा. ‘शी वॉज प्रमोटेड टु ब्रँच मॅनेजर’ यातलं ‘टु’ नुसतं प्रिपोझिशन आहे, पुढे पद आलंय. ‘शी वॉज प्रमोटेड टु मॅनेज द ब्रँच’ यातलं ‘टु’ इन्फिनिटिव्हचं, पुढे क्रियापद आलंय. दोन्ही बरोबर आहेत. गोंधळ होतो तो ‘टु मॅनेजर द ब्रँच’ अशा खिचडीत.

‘लुक फॉरवर्ड टु’ याच्या पुढे मूळ रूप येत नाही: ‘आय लुक फॉरवर्ड टु वर्किंग ॲज अ ट्रेनी’. कितीतरी अर्जांची शेवटची ओळ इथेच घसरते. ‘रिस्पॉन्सिबल’चंही तसंच. ‘माय जॉब इज टु कीप द अकाउंट्स’ ठीक, पण ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल टु कीप द अकाउंट्स’ऐवजी ‘रिस्पॉन्सिबल फॉर कीपिंग’ लिहा. ‘रिस्पॉन्सिबल टु’च्या पुढे ज्याला तुम्ही उत्तर द्यायचं तो माणूस किंवा समिती येते.

कधी ‘टु’ गायब होतं आणि परत येतं. ‘दे मेड हिम ॲक्ट ॲज ट्रेझरर’ यात ‘मेड’मुळे ‘टु’ नाही. वाक्य उलटवलं की ‘ही वॉज मेड टु ॲक्ट ॲज ट्रेझरर’, आणि ‘टु’ हजर. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘लेट’ यांच्यापुढेही ‘टु’ लागत नाही.

सोडलेलं पद

माणूस आता त्या पदावर नसेल तर ‘टु हॅव’ आणि तिसरं रूप. ‘ही क्लेम्स टु वर्क ॲज अ मॅनेजर’ म्हणजे तो आजही मॅनेजर असल्याचं सांगतो. ‘ही क्लेम्स टु हॅव वर्क्ड ॲज अ मॅनेजर’ म्हणजे पूर्वी होता असं सांगतो. मुलाखत घेणाऱ्यांना हा फरक बरोबर दिसतो, आणि पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

वाक्याची सुरुवातच ‘ॲज’ने करणार असाल तर स्वल्पविरामानंतर तीच व्यक्ती आली पाहिजे. ‘ॲज सेक्रेटरी, माय ड्युटी वॉज टु राइट द मिनिट्स’ यात व्याकरणाने सचिव झाली ती ‘ड्युटी’. ‘ॲज सेक्रेटरी, आय हॅड टु राइट द मिनिट्स’ असं फिरवून घ्या.