उद्या किती जुड्या घ्यायच्या? भाजीच्या वहीतून संख्याशास्त्र

बेळगावात, शहापूरच्या खडे बाजारात माझी मावशी भाजी विकायला बसते. रोज पहाटे तिच्यापुढे एकच प्रश्न असतो: आज कोथिंबिरीच्या किती जुड्या उचलायच्या? कमी घेतल्या तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं, जास्त घेतल्या तर संध्याकाळी पिवळी पानं निवडत बसायचं. धंद्यापुरतं संख्याशास्त्र शिकायला मला तरी याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही.

आधी वही नीट करा. तारीख, वार, आणलेला माल, विकलेला माल, एवढं बरेच जण लिहितात. त्यात दोन रकाने वाढवा: माल किती वाजता संपला, आणि त्यानंतर ‘कोत्तंबरी ऐतेन्री?’ (कन्नडमध्ये ‘कोथिंबीर आहे का?’) किंवा ‘कोथिंबीर संपली काय हो?’ असं विचारून किती जण परत गेले. ६० जुड्या आणल्या नि ६० खपल्या, म्हणून मागणी ६० ची होती असं नाही. सकाळी दहालाच पाटी रिकामी झाली असेल तर मागणी ८० ची असू शकते. हा रकाना नसेल तर पुढची सगळी आकडेमोड तुम्हाला कमीच माल घ्यायला सांगत राहील.

आता आकडे चढत्या क्रमाने मांडा. समजा नऊ दिवसांची मागणी अशी आहे: ५५, ६०, ६०, ६५, ६५, ७०, ७५, ८०, १९०. बेरीज ७२०, सरासरी ८०. सरासरीला कन्नडमध्येही सरासरीच म्हणतात, आणि बाजारात तिच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. पण इथे रोज ८० जुड्या घेतल्या तर नऊपैकी सात दिवस माल उरेल. बरोबर मधला, म्हणजे पाचवा आकडा आहे ६५. त्याला मध्यक म्हणतात. नेहमीचा दिवस कसा जातो, हे तो जास्त खरं सांगतो.

मग १९० च्या दिवशी काय झालं ते विचारा. लग्नाच्या स्वयंपाकासाठी आचाऱ्याने एकदम १२० जुड्या नेल्या असतील, तर तो दिवस वेगळ्या पानावर लिहा. खोडू मात्र नका; लग्नसराईत तेच पान लागेल. आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत, हे प्रमाण विचलन सांगतं. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये ते चटकन निघतं. नऊ दिवसांचं येतं सुमारे ४२, तो एक दिवस बाजूला ठेवला की सुमारे ८. एका आकड्याने किती फरक पडतो, हे स्वतः करून बघाच.

शेवटी नफा-तोटा जोडा. समजा जुडी १० रुपयांना घेतली, २० ला विकली आणि उरलेली फेकली. कमी पडलेल्या जुडीमागे १० रुपयांचा नफा जातो, उरलेलीमागेही १० च जातात. किती दिवसांना माल पुरायला हवा, ते असं काढायचं: नफा भागिले नफा-तोट्याची बेरीज, म्हणजे १० भागिले २०, अर्धा. मग निम्म्या दिवसांना पुरेल इतका माल घ्यायचा: ६५. पण उरलेली जुडी संध्याकाळी खानावळवाला ५ रुपयांना नेत असेल तर तोटा ५ वर येतो. १० भागिले १५, दोन तृतीयांश. नऊपैकी सहा दिवस पुरेल इतका माल, म्हणजे सहावा आकडा: ७०. मागणी तीच, फक्त संध्याकाळचं गिऱ्हाईक मिळालं आणि रोजची खरेदी पाच जुड्यांनी वाढली. मावशीला मी हे पाटीवर खडूने मांडून दाखवलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “मग खानावळवाल्याशी भाव आधीच ठरवू काय?” मला हेच शिकवायचं होतं.

नऊ दिवस फार थोडे, ही शंका रास्त आहे. थोड्या आकड्यांवर किती विसंबावं, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटलाही पडला होता. त्यातूनच त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात टी-चाचणीचा, म्हणजे थोड्या आकड्यांवरून सरासरी पारखायच्या पद्धतीचा, पाया घातला. तुम्ही सुरुवातीला निदान महिनाभराचे आकडे जमवा. बाजाराचा वार आणि इतर वार वेगळे ठेवा, श्रावण आणि गणपतीसाठी नवं पान घाला, आणि दर पंधरवड्याला रांग पुन्हा मांडा.