गॅस अलार्म वाजला की आधी रीसेट दाबू नका

गॅस डिटेक्टरच्या पॅनेलचा हूटर वाजला की बहुतेकांचा हात थेट रीसेटवर जातो. हे इतक्यांदा पाहिलंय की नवीन माणूस पॅनेलसमोर आला की त्याला मी पहिलं हेच सांगतो: हात मागे घे, आधी डिस्प्ले वाच. कुठलं चॅनेल (म्हणजे कुठला डिटेक्टर), किती आकडा, चढतोय की उतरतोय, हे वहीत वेळेसकट लिही. मग अ‍ॅक्नॉलेज कर. रीसेट सगळ्यात शेवटी.

अ‍ॅक्नॉलेजने फक्त हूटर गप्प होतो, अलार्म तसाच असतो. रीसेटने लॅच, म्हणजे धरून ठेवलेला अलार्म, सुटतो आणि रिले (अलार्मवर चालणारा स्विच) मूळ जागी येतो. त्या रिलेवर एक्झॉस्ट फॅन असेल तर तोही बंद पडतो. ‘रीसेट होत नाही, पॅनेल बिघडलं’ असे फोन मला नेहमी येतात. बहुतेक वेळा पॅनेल ठणठणीत असतं. गॅस अजून अलार्मच्या पातळीवर असतो, म्हणून ते रीसेट घेत नाही.

सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे एमसीबी पाडून पुन्हा चढवणं. एका बॉयलर रूममध्ये मिथेनच्या चॅनेलवर ओव्हररेंज, म्हणजे मोजता येण्यापलीकडचा आकडा, आलं होतं. आवाजाला कंटाळून एकाने पॅनेलचा सप्लाय बंद करून चालू केला. वॉर्म-अप संपल्यावर आकडा ३५ टक्के एलईएल (एलईएल म्हणजे हवेत गॅस पेटू शकतो ती किमान पातळी), तोही उतरत चाललेला. ‘गळती थांबली’ म्हणत तो आत निघाला. दाराच्या कडीवर त्याचा हात होता, तेव्हा मी त्याला मागे ओढलं. बाहेरचा मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि हवा खेळण्याच्या झडपेच्या फटीतून इन्फ्रारेड मीटरची नळी आत सोडली. आत जवळजवळ सगळा गॅसच होता.

आतला डिटेक्टर कॅटॅलिटिक होता. तो गॅस जाळून मोजतो, म्हणून त्याला ऑक्सिजन लागतो. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो. त्याहून खूप जास्त झाला की सेन्सरवर जळायला ऑक्सिजन पुरत नाही आणि गॅस वाढत असताना आकडा खाली येतो. म्हणूनच कंट्रोलर ओव्हररेंज लॅच करून ठेवतो. सप्लाय पाडला की अनेक पॅनेलमध्ये ती खूण पुसली जाते. ओव्हररेंज दिसलं की दुसऱ्या मीटरने खात्री होईपर्यंत पॅनेलला हात लावायचा नाही. घाई असली तरी नाही.

दुसरी चूक इनहिबिटची. कॅलिब्रेशन करताना अलार्म इनहिबिट करतात, म्हणजे तात्पुरता दाबून ठेवतात, आणि तसाच सोडून निघून जातात. मी इनहिबिट लावला की गाडीची किल्ली पॅनेलच्या कडीला अडकवतो. ती घ्यायला यावंच लागतं आणि इनहिबिट आठवतो.

फॉल्ट म्हणजे गॅस अलार्म नव्हे. डिटेक्टरपासून पॅनेलपर्यंतच्या ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअरच्या लूपमध्ये करंट ४ च्या बराच खाली गेला तर आधी वायर आणि टर्मिनल बघा.

सारखा अलार्म येतो म्हणून अलार्मची २० टक्के एलईएलची पातळी ४० वर नेऊ नका. गळती शोधा.

ऑक्सिजनच्या चॅनेलवर आकडा कमी होणं हाच धोका असतो. तिथे २०.९ टक्के हे नॉर्मल आहे, शून्य नव्हे.

आणि पॅनेलवरचं टेस्ट बटण दिवे आणि हूटर तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरसाठी डिटेक्टरवर खरा टेस्ट गॅस सोडून बंप टेस्टच करावी लागते. मी ती करताना एक माणूस पॅनेलपाशी उभा करतो आणि हूटर त्याच्या कानावर पडेपर्यंत गॅस बंद करत नाही.